इरुकमेट्टा पुसलं तो शनिवार

"आमच्याकडं एक पोरगी आहे. तिले सांगतो. ते काई विचारत नाई."

प्लायवुडच्या फळीपलीकडून सरांचा आवाज आला. त्यांच्यासमोर सफारी घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांचं बोलणं हळू होतं, ते ऐकू आलं नाही. कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज तेवढा आला आणि कुणीतरी हसलं. कॉम्प्युटर केंद्रात आम्ही तिघीच मुली होतो आणि त्या शनिवारी दोघी आल्या नव्हत्या, तेव्हा ती पोरगी मीच. मला राग आला नाही, हे लिहून ठेवायला हवं. उलट जरा बरंच वाटलं. बावीस वर्षांच्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

मी बोलत नसे त्याला कारण होतं. शाळा इंग्रजी. तिथं तोंडातून मराठी शब्द गेला की दंड व्हायचा. घरी चुकून इंग्रजी शब्द निघाला की आई म्हणायची, "आली आमची मड्डम." दोन्हीकडून मार नको म्हणून मी प्रत्येक वाक्य मनात दोनदा तपासून घ्यायला लागले, आणि तपासून होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे. लोकांना वाटायचं पोरगी मोठी सोशिक आहे. आई मात्र फसत नसे. "इतकी फी भरली त् मुकी होऊन आली," असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात तक्रारीपेक्षा काळजी जास्त होती, हे मला तिच्या वयाची झाल्यावर कळलं.

आमचं घर चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत बाबांचं दुकान. बाबा टाइपरायटर दुरुस्त करत. जिल्ह्यातल्या कचेऱ्यांची यंत्रं रिक्षातून यायची, कधी एस. टी.च्या टपावरून, ताडपत्रीत बांधून. दिवसभर घरात रॉकेलचा वास, आणि ओळ संपल्याची ती बारीक घंटी. मी अभ्यास केला तो त्या घंटीच्या तालावर. बाबा रबरी रोलर खिडकीजवळ धरून त्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "हे पाह्य बेबी, या कचेरीत 'नामंजूर' जास्त लिहितात. थ्याच जागी खड्डे पडले." खरं होतं की गंमत, देव जाणे. पण मला ते पटायचं. लिहिलेलं कुठंतरी उमटून राहतं, आणि जाणता माणूस ते बोटांनी वाचू शकतो, हे मी लहानपणापासून गृहीत धरून चालले होते. म्हणून मी कॉम्प्युटर शिकून आले तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न हाच होता, "पण यात लिहिलेलं राह्यते कुठी? कागद त् दिसत नाई." मी सांगायचा प्रयत्न केला. चकती असते, ती फिरते, तिच्यावर अगदी बारीक खुणा असतात. बाबा ऐकत राहिले, मग पेचकस उचलत म्हणाले, "म्हणजे दिसत नाई असंच म्हण ना."

ते दिवस वास्त्यांचे होते. बांबूचे कोवळे कोंब बाजारात यायचे. आई ते सोलून, बारीक चिरून पाण्यात टाकायची. दोन दिवस त्यांचा आंबूस, ओल्या जंगलासारखा वास घरभर असायचा आणि मग रॉकेलच्या वासाशी त्याचं भांडण चालायचं. लाखोळीच्या डाळीत शिजवलेले वास्ते आणि भात, याच्यापुढे मला अजून काही लागत नाही. आता मी राहते त्या शहरात ते डब्यातून मिळतात. एकदा आणले, उघडले, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

केंद्र एका खताच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढताना युरियाचा वास नाकात बसायचा. वर एका काचेच्या खोलीत मुख्य मशीन, बाहेर चार टर्मिनल, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. काम होतं निस्तार रजिस्टरांचं. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा, पन्नासच्या दशकाच्या आरंभी, गावोगाव फिरून लिहिलेली ही रजिस्टरं. कोणत्या घराला जंगलातून काय घेण्याचा हक्क आहे, जळाऊ लाकूड किती, कुंपणाला बांबू किती, मोहफूल, चराई, सगळं त्यात. गडचिरोलीकडच्या आतल्या गावांच्या रजिस्टरांना उधई, म्हणजे वाळवी, लागली होती, म्हणून ती मशीनमध्ये भरून घ्यायची होती. मशीनला मराठी येत नव्हती. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हणून इंग्रजी शाळेतल्या मुली हव्या होत्या. मला मात्र ते जुनं हस्ताक्षर लागत नसे. ते वाचायला येरावारभाऊ होते.

येरावारभाऊ निवृत्त पटवारी. उंच, कानात केस, खिशात चष्म्याचं लोखंडी घर. ऐन विशीत त्यांनीच यातली कित्येक गावं पायी फिरून लिहिली होती. ते वाचत आणि मी टाइप करत असे. "घर पहिलं. जोगा वल्द मासा. जळाऊ, बांबू, मोह. घर दुसरं. मुसम्मात जिमली, बेवा मासा. जळाऊ, मोह. बांबू नाई." वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसम्मात म्हणजे बाई, बेवा म्हणजे अमक्याची विधवा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांचा आवाज सपाट असे, पण प्रत्येक घरापाशी क्षणभर थांबत, जणू दारातून हाक मारून उत्तराची वाट पाहत आहेत. कुठं लाल शाईनं नाव कापलेलं असलं तर तेही वाचत. पहिल्या दिवशी मी हात थांबवला तेव्हा म्हणाले, "लिही लिही. कापलेलं नाव बी वाचाचं राह्यते, टायपीबाई. म्हणून त् एकच रेघ मारतात, खालचं दिसलं पायजे." तेव्हापासून मी त्यांची टायपीबाई झाले.

मधूनमधून एखादं गाव रिठी निघे. नाव रजिस्टरात आहे, हद्द आहे, नाला आहे, पण माणूस एकही नाही. देवीच्या साथीनं ओस पडलेलं, नाहीतर उठून गेलेलं. अशा गावाचं पान वाचताना भाऊ आवाज खाली आणत. मी एक ओळ टाइप करायची आणि पुढं जायचं. पण संध्याकाळी घरी, आई चिरत असलेल्या कोंबांचा कचकच आवाज ऐकताना, मला ती नावं ऐकू येत. नुसती नावं, घर क्रमांकासह. मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? की न पाहिलेल्या माणसांची हजेरी माझ्या डोक्यात चालू आहे?

भाऊंची एक रीत होती. गाव टाइप करून झालं की ते एकदा 'चालून' घेत. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत, ज्या वाटेनं ते त्या काळी फिरले असतील त्याच क्रमानं, पडद्यावर मोठ्यानं वाचत. त्यासाठी मी त्यांना एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. एका पानावर दहा घरं. एक कळ पुढं नेते, एक मागं, एक सबंध गाव छापते आणि एक गाव बंद करते. शेवटच्या कळीला ते भीत. गाव अर्धं चालून झालेलं असताना उठावं लागलं तर ते बंद करत नसत. पडद्यावर तसंच ठेवून, कळफलकावर चष्म्याचं घर आडवं ठेवून जात. "अर्ध्या गावातून मागं फिरू नये," म्हणत, "पुढचे लोक वाट पाह्यतात." आम्ही मुली हसायचो. मीही हसायचे, पण ते चष्म्याचं घर मी कधी उचललं नाही.

तर त्या शनिवारी सरांनी मला आत बोलावलं. सफारीवाले गृहस्थ माझ्याकडं न बघता भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

"बेबी, ते इरुकमेट्टा झालं का भरून?"

"हो सर. काल."

"ते काढून टाक. नुसतं डिलीट नको करू. परत निघालं नाही पाहिजे. जमते?"

"हो सर."

"अन् टेप?" दर शनिवारी सगळ्या फाइलींची जादा प्रत टेपवर उतरवली जाई.

"टेप आज संध्याकाळी भरायची आहे, सर. मागच्या शनिवारच्या टेपवर हे गाव नाही."

"मंग झालं त्. पुसून झाल्यावर भर." मग, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, "रिठी आहे ते. कोणी राह्यत नाई तिथं. उगाच कशाले ठेवाचं."

मी मान हलवली. इरुकमेट्टा रिठी नव्हतं. कालच मी त्याची एक्केचाळीस घरं टाइप केली होती. भाऊंनी सांगितलं होतं, इरुक म्हणजे मोह, मेट्टा म्हणजे टेकडी, आणि तिथल्या मोहफुलांचा वास नाल्याच्या अलीकडं येतो. त्याचं मूळ रजिस्टर टाइप होताहोताच हातात भुगा झालं होतं. त्या गठ्ठ्यातली बाकीची रजिस्टरं जीर्ण म्हणून परत गेली आणि जाळली गेली, हेही त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे या जगात ती एक्केचाळीस घरं आता फक्त माझ्या फाइलीत होती. हे सगळं मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं म्हणून केलं असं मी आजवर कधी म्हटलेलं नाही, आज म्हणणार नाही.

सी भाषेत फाइल पुसणं ही वरवर फार साधी गोष्ट आहे. प्रोग्रामला डिस्कला स्वतः हात लावता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात कर्नल बसलेला असतो, त्याच्याकडं अर्ज करावा लागतो. फाइल उघडायची, अर्ज. लिहायचं, अर्ज. पुसायची, अर्ज. या शेवटच्या अर्जाचं नाव अनलिंक, आणि नाव प्रामाणिक आहे, कारण तो काहीच पुसत नाही. यादीतलं फाइलीचं नाव आणि डिस्कवरची तिची जागा यांची गाठ तेवढी सोडतो. गाठ सुटली की जागा मोकळी धरली जाते, पण त्या जागेत लिहिलेलं, वर दुसरं काही येईपर्यंत, तसंच पडून असतं. म्हणून कायमचं पुसायचं तर आधी फाइल उघडायची, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत शून्यं लिहायची, आणि मग अनलिंक. नागपूरला शिकताना आमच्याकडं सी भाषेच्या पुस्तकाची एकच झेरॉक्स प्रत होती. ती फिरत फिरत माझ्याकडं आली की मी पानंच्या पानं वहीत उतरवून घेई. हे मला पाठ होतं.

मी वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. बोटं गार पडली होती. फळीपलीकडं दोघं शिकारीच्या का कशाच्या गोष्टी करत होते. प्रत्येक अर्जाला कर्नल उत्तर देत असतो. काम झालं नाही तर उणे एक असं तो सांगतो. ते उत्तर विचारून घ्यायचं, मगच पुढची ओळ, असं वहीत मी स्वतःच्या हातानं लाल रेघ मारून लिहिलं होतं. त्या दिवशी मी एकाही ओळीला उत्तर विचारलं नाही. लिहिला, चालवला. पडद्यावर काहीच झालं नाही. एक क्षणही गेला नसेल, आणि चौकोनी ठिपका खालच्या ओळीवर येऊन लुकलुकायला लागला. बाबांच्या यंत्रावर एक शब्द खोडायचा तर वरून फुल्या मारायला लागत, साऱ्या घराला ऐकू जाई. इथं एक्केचाळीस घरं गेली आणि खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू येत होती. मी यादी मागवली. इरुकमेट्टाच्या आधीचं गाव होतं, नंतरचं होतं. मध्ये जागासुद्धा सुटली नव्हती. यादी आपोआप सरकून बसली होती.

आत जाऊन मी म्हटलं, "झालं सर." गृहस्थ पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाले, "हुशार आहे." दुपारी मी डबा उघडला. वास्त्यांची भाजी होती. घास तोंडापर्यंत नेला आणि भाऊंचा आवाज ऐकू आला. बेवा मासा, बांबू नाई. भाऊ तर केंद्रात नव्हतेच. अकरा वाजताच ते डोळ्यांत औषध घालून घ्यायला दवाखान्यात गेले होते. त्यांचं टर्मिनल कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागं, पडदा खिडकीकडं वळलेला. मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. डबा बंद केला.

तीनच्या सुमारास एक माणूस जिना चढून आला. साठीचा असेल. गुडघ्यापर्यंत पंचा, खांद्यावर छत्री, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. नाव रैनू म्हणाला. पहाटे आलापल्लीची गाडी धरून आला होता.

"काय पायजे?" सरांनी विचारलं. गृहस्थ गेले होते.

"नक्कल. इरुकमेट्टा. निस्तारची."

"कशाले?"

"सोमवारी तहसीलमधी दाखवाची आहे. नाई दाखवली त् गाव रिठी लिहितात. बांबू तोडाचं कूप ठेकेदाराले जाते. मंग आमी जंगलात पाय ठेवला का चोर." त्यानं प्लॅस्टिकमधून कागद काढला. सोमवारच्या तारखेची नोटीस होती.

सर माझ्याकडं वळले. "बेबी, पाह्य बरं. आहे का असं गाव?"

मी नाव टाइप केलं. अशी फाइल नाही, असं मशीननं सांगितलं. सरांनी पडदा त्या माणसाकडं वळवला, जणू त्याला वाचता येणार होतं. "पाह्य. नाई. असं गावच नाई मशीनमधी."

रैनूनं हिरव्या अक्षरांकडं बराच वेळ पाहिलं. "गाव नाई?"

"नाई."

"मी तिथूनच आलो ना." तो रागावला नव्हता. वाट चुकलेल्याला सांगावं तसं सांगत होता.

"अरे बाबा, कागदावर रिठी आहे ते."

"रिठी?" तो हसला. पुढचे दोन दात नव्हते. "मंग काल मले जेवाले कोनं वाढलं? भुतानं?"

सर सोमवारी या म्हणाले आणि फळीमागं गेले. सोमवारी येऊन काय उपयोग, हे रैनूनं विचारलं नाही, मीही बोलले नाही. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. परतीची गाडी संध्याकाळची असावी. त्याची पाठ मला दिसत होती. मी दुसऱ्या गावाची फाइल उघडून बसले आणि एक अक्षर लिहू शकले नाही.

मग येरावारभाऊ आले, एक डोळा कापसानं झाकलेला. "काय टायपीबाई, एकटीच?" म्हणत कपाटामागं गेले. खुर्ची करकरली. चष्म्याचं लोखंडी घर उचलल्याचा आवाज आला. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"घर एकविसावं. कोमा वल्द जोगा. जळाऊ, बांबू, मोह. चराई चार जनावरं."

खोटं नाही सांगत, मला वाटलं माझ्या डोक्यातला आवाज आता बाहेर ऐकू यायला लागला. पण पायरीवरची पाठ ताठ झाली. रैनू उठून दारात आला.

"कोमा माहा बाप," तो म्हणाला. "कोन बोलावून राह्यलं त्याले?"

मी कपाटामागं गेले. पडद्यावर इरुकमेट्टा होतं. दहा घरं, एकाखाली एक, माझ्याच हातांनी टाइप केलेली. मी खुर्चीची पाठ धरली. पुसलेलं गाव कसं दिसतं? आणि मग हळूहळू, पाण्यातून वर यावं तसं, मला समजत गेलं. भाऊंनी सकाळी हेच गाव चालायला घेतलं होतं, आणि त्यांच्या वाचण्याची मला इतकी सवय होती की कोणतं गाव ते मी ऐकलंच नव्हतं. अर्ध्यावर दवाखान्याची वेळ झाली, म्हणून नेहमीप्रमाणे उघडं ठेवून गेले. मी नाव तोडलं ते त्यानंतर. आणि कर्नलचा एक नियम आहे. तोही मी वहीत उतरवला होता, पण कधी खरा मानला नव्हता. नाव तुटलं तरी कुणीतरी ती फाइल उघडी धरून बसलं असेल, तर कर्नल तिची जागा मोकळी करत नाही. शेवटचा धरणारा सोडेपर्यंत ती नावावाचून जगते. रिठी गावाला नाव असतं आणि वस्ती नसते. इथं वस्ती होती, फक्त नाव नव्हतं.

पण मी तर शून्यंही लिहिली होती! माझ्या जागेवर धावत जाऊन मी प्रोग्राम उघडला. घाईत, गार बोटांनी, मी क्रम उलटा लिहिला होता. आधी अनलिंक, मग उघडणं. नाव तोडल्यावर त्याच नावानं फाइल उघडायला गेले होते. कर्नलनं उणे एक म्हणून सांगितलं होतं, अशी फाइल नाही. मी विचारलं नाही म्हणून मला कळलं नाही. सगळी शून्यं कुठंच गेली नव्हती. नीट लिहिला असता तर त्या उघड्या पडद्यावरसुद्धा पुढच्या पानाला काही आलं नसतं. पुढं पस्तीस वर्षं मी प्रोग्राम लिहिले, शिकवले. चुकीबद्दल मुलांना रागावताना दर वेळी ही चूक माझ्यासमोर उभी राहिली आहे, आणि मी आवाज खाली आणला आहे.

घड्याळात पावणेपाच झाले होते. शनिवारी पाच वाजता सर स्वतः मशीन बंद करत, सोमवारपर्यंत. मशीन बंद म्हणजे भाऊंच्या हातातलं गाव सुटणार, आणि मग खरोखरच संपणार. त्याची दुसरी प्रत करणारी कळ माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती. होती ती एकच, छापायची. आणि छापायचं यंत्र सरांच्या फळीला लागून होतं. सुया फितीवर आपटून छापणारं ते यंत्र, चालू झालं की आरा लाकडात शिरल्यासारखं ओरडायचं. ते गुपचूप चालवता येत नाही. मी दुसरे मार्ग शोधत राहिले. आज मला ठाऊक आहे की मी मार्ग शोधत नव्हते. न बोलता सुटण्याची जागा शोधत होते, जशी आयुष्यभर शोधली. रैनू भाऊंच्या मागं येऊन उभा राहिला होता आणि भाऊ त्याला घरं वाचून दाखवत होते. "घर बाविसावं..." तो प्रत्येक नावाला उत्तर देत होता. हा मेला. ही आहे. हा माडाच्या डोंगरात गेला, येईल. जिमलीची नात आहे, तीन लेकरं आहेत.

मी भाऊंच्या खांद्यावरून हात पुढं केला आणि छापायची कळ दाबली.

यंत्र ओरडलं. पहिलं घर, दुसरं घर. कागद थरथरत खाली यायला लागला. खाली खताच्या दुकानातही ऐकू गेलं असेल. फळीमागची खुर्ची सरकली आणि सर बाहेर आले. त्यांनी कागदावर वाकून पाहिलं. वरच्या ओळीत गावाचं नाव होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, माझ्यासारखीच. राग नंतर आला.

"हे कोण छापून राह्यलं?"

भाऊंना काय झालंय याचा पत्ता नव्हता. पण सरांच्या आवाजातला राग त्यांनी ओळखला. ते उभे राहिले, कापसाचा डोळा, दुसऱ्यातून पाणी. "मी, साहेब. म्हाताऱ्याचा हात लागला."

"बंद करा ते. पाच वाजले." सर काचेच्या खोलीकडं वळले. दारातच मुख्य बटण होतं. त्यांचा हात वर गेला. रैनू छापून आलेला कागद दोन बोटांत धरून, फाडू की नको अशा विचारात, माझ्याकडं बघत होता. मी वाक्य मनात तपासलं नाही. माझा आवाज यंत्राच्या वरून गेला, इतका मोठा की मला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

"भाऊंनी नाही सर, मी छापते आहे. सकाळी हे गाव पुसलं तेही मीच, तुम्ही सांगितलं म्हणून. सगळी घरं छापून होईपर्यंत त्या बटणाला हात लावू नका."